राज्यपालांचं अक्षर

दोन हजार तेवीस साल होतं. मला शहात्तरावं लागलेलं, साहेबांना चौऱ्याऐंशी पूर्ण झालेली. जानेवारीचं धुकं चंदीगडला मनीमाजऱ्याच्या आमच्या गल्लीत इतकं खाली उतरायचं की समोरच्या हलवायाचं दुकान दिसायचं नाही, नुसता जिलबीचा वास खिडकीपर्यंत यायचा. मी खिडकीत बसून मटार सोलत होतो. सून आयटी पार्कात कामाला आहे, ती निघायच्या घाईत होती. जाता जाता तिने मोबाइल माझ्या तोंडापुढे धरला.

"बाबा, महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपवर आलंय बघा. कुणालाच वाचता येत नाहीये. मला तर मोडी वाटतेय."

मोडी नव्हती. कागदाचा फोटो होता आणि कागदावर निळी शाई. ओळी म्हणाव्यात तर वाऱ्याने आडवं पाडलेलं गवत दिसत होतं. मी मटार सोलता सोलताच वाचून दाखवलं, "राजभवनात माझ्या खोलीला सात दारं होती आणि त्यातलं एकही मला माझ्या हाताने उघडू देत नसत."

सून बूट घालता घालता थांबली. "तुम्हाला कसं काय लागलं?"

"मला लागतं," मी म्हटलं. "जगात एकट्याला मला लागतं."

यात फुशारकी नाही. मी चौथी पास माणूस, पण वयाच्या बावीस ते एकतीस, अशी नऊ वर्षं ते अक्षर माझ्यासमोर पडलेलं असे. खानदेशातल्या आमच्या गावी एक सायंदैनिक निघायचं. साहेब त्याचे संपादक आणि मी तिथे कंपोझिटर, म्हणजे जुळारी. अक्षरांचे शिशाचे खिळे एकेक उचलून, उलटे लावून, मजकूर जुळवायचा. साहेबांचा अग्रलेख आला की बाकीचे कंपोझिटर तंबाखू मळायला बाहेर जायचे. तो कागद माझाच. पुढे साहेब दिल्लीला गेले, तिथून राज्यपाल झाले. कुठल्या राज्याचे ते मी लिहीत नाही. लांबचं, डोंगरातलं, लहानसं राज्य, एवढं पुरे. ते सगळं संपल्यावर बाई, म्हणजे साहेबांच्या पत्नी, गेल्या, आणि साहेब इथे चंदीगडला लेकीकडे राहायला आले. लेक मेडिकल इन्स्टिट्यूटमध्ये डॉक्टर आहे. साहेबांनी आठवणींची चारशे पानं लिहून काढली होती, आणि ती वाचणारं कुणी नव्हतं. लेकीला वाचता येईना, साहेबांची नजर अधू झालेली, त्यांना स्वतःलाही येईना. म्हणून तिने तो फोटो गावभर फिरवला होता.

साहेब याच गावात आहेत हे मला चार वर्षांपासून ठाऊक होतं. मंडळाच्या गणपतीत ते पाहुणे म्हणून आले होते, मी शेवटच्या रांगेत बसून प्रसाद घेऊन परतलो होतो. भेटलो नाही. पंचेचाळीस वर्षांपूर्वी त्यांनी माझ्यावर एक चूक टाकली होती, जी माझी नव्हती. त्यापायी मी छापखाना सोडला. त्यांनी काढलं असं गावात म्हणत. मी सोडला असं मी म्हणतो.

मग आता का गेलो? चारशे पानांत तो दिवस कुठेतरी असणारच. त्या पानावर साहेबांनी काय लिहिलंय ते मला बघायचं होतं. त्यासाठी गेलो. दुसरं कारण नाही.

सुनेने ग्रुपवर कळवलं आणि पहिल्या शनिवारी स्कूटरवरून नेलं. डॉक्टरांच्या क्वार्टरचा व्हरांडा, पुढे जांभळाची झाडं, झाडांना धुकं लटकलेलं. साहेब वेताच्या खुर्चीत, पायावर घोंगडी, डोक्याला माकडटोपी. मी पायरी चढलो तसं त्यांनी मान वळवली.

"जुळारी, उशीर केलास," ते म्हणाले.

जसा काही मी कालच घरी गेलो होतो आणि आज सकाळी एसटी चुकली होती.

"रस्त्यात धुकं होतं," मी म्हटलं.

तेव्हापासून दर शनिवार-रविवारी सकाळी आम्ही बसत असू. मी वाचायचं, सुनेने लॅपटॉपवर टाइप करायचं, साहेबांनी ऐकायचं. पानांवर आकडे नव्हते. एका पानात ते राजभवनात जेवत असायचे, पुढच्या पानात सायकलवरून पुराची बातमी आणायला निघालेले. मी विचारलं, "लावायचं कसं?" तर म्हणाले, "जसं निघेल तसं वाच. मलाही ते असंच आठवतं."

राज्यपाल झाल्याचा फोन आला तेव्हा साहेब दिल्लीत दुपारची झोप काढत होते. पलीकडच्या माणसाने अभिनंदन करून राज्याचं नाव सांगितलं. साहेबांनी धन्यवाद म्हटलं, फोन ठेवला आणि शेजाऱ्याच्या नातीचा शाळेचा नकाशा मागून आणला. बाई चहा घेऊन आल्या तर हे जमिनीवर नकाशा पसरून भिंगातून बघतायत. बाई म्हणाल्या, "काय हरवलंय?" हे म्हणाले, "माझं राज्य."

बाईंशीसुद्धा ते संपादकासारखेच बोलत. कुणी लांबण लावली की विचारायचे, "किती ओळींत बसेल?" बाईंनी एकदा चिडून सांगितलं होतं, "तुमच्याशी लग्न केलं, फसले. दोन ओळींत बसलं." हे ते स्वतःच सांगत आणि घोंगडीत तोंड घालून हसत.

राजभवनात त्यांच्या अक्षराची वेगळीच तऱ्हा झाली. इंग्रजी लिहिलं तरी अक्षर तेच. फाइलीवर शेरा मारला की सचिव हात बांधून आत यायचे, "महामहिम, थोडं मार्गदर्शन व्हावं." मग साहेब वाचून दाखवायचे. महिना-दीड महिन्याने सचिव यायचे बंद झाले. साहेबांना वाटलं, अक्षराची सवय झाली. चौकशी केली तर कळलं, खाली एक म्हातारा कारकून बसवलाय, तो शेरा बघून सांगतो.

"त्याला वाचता यायचं?" मी विचारलं.

"छे. त्याला चष्मासुद्धा नव्हता."

"मग सांगायचा काय?"

"सरकारला जे हवं असेल ते."

"तुम्ही काही केलं नाहीत?"

"काय करणार?" साहेब म्हणाले. "राज्यपालाने तरी दुसरं काय लिहायचं असतं."

पण त्यांचा खरा हट्ट विशेषणांवर. आमच्या छापखान्यात बातमीदार त्यांना टरकून असत ते याचसाठी. भव्य सभा लिहिलं की भव्य गेलं. थोर नेते लिहिलं की थोर गेलं. "माणूस मेला एवढं पुरे, दुःखद कशाला? सुखद मेला असता तर आपण लिहिलं असतं," असं म्हणायचे. आणि राज्यपाल झाल्यावर दरवर्षी विधानसभेत उभं राहून सरकारने लिहून दिलेलं भाषण त्यांना वाचावं लागे. माझ्या सरकारने हे केलं, माझ्या सरकारने ते केलं. त्यातला एक शब्द बदलायची राज्यपालाला मुभा नाही. भाषण साठ पानांचं, आणि विशेषणांनी भरलेलं, जसं तेलाने माखलेलं भजं.

साहेबांनी एकही शब्द गाळला नाही. विशेषण आलं की आवाज खाली घ्यायचा, इतका खाली की माइकलाही लागू नये, आणि नामाला परत वर यायचं. "माझ्या सरकारने... रस्ते बांधले. ...योजना राबवली." पहिल्या वर्षी विरोधकांनी निवेदन काढलं की महामहिमांची प्रकृती बरी दिसत नाही. मुख्यमंत्र्यांनी मध आणि सुंठ पाठवली. दुसऱ्या वर्षी कुणाच्या तरी लक्षात आलं, पण तक्रार काय करणार? शब्द सगळे वाचलेले होते. पाच वर्षं तो मध साहेब पुरवून खात होते.

व्हरांड्यात हे वाचताना सून टाइप करायची थांबून हसली. साहेब खूश झाले. "हसू आलं ना? मग तिथे परिच्छेद तोड," म्हणाले.

चंदीगड त्यांना फार आवडायचं. म्हणायचे, "जुळारी, हे गाव म्हणजे नीट लावलेलं पान आहे. सरळ रेघा, सारखे कॉलम, मध्ये मोकळी जागा. बातमी तेवढी नाही." मी मनीमाजऱ्यात राहतो म्हटल्यावर त्यांना अजून आनंद झाला. शहर बांधणाऱ्यांनी तेरा नंबरचा सेक्टर ठेवलाच नव्हता. बारानंतर एकदम चौदा. आणि आता इतक्या वर्षांनी आमच्या मनीमाजऱ्याला, जे शहराच्याही आधीचं जुनं गाव, त्याला तेरा नंबर दिला. साहेब म्हणाले, "सुटलेली ओळ शेवटी जागा सापडेल तिथे बसवली. आपणही हेच करायचो."

शेजारी एक सरदारजी राहायचे, फौजेतून निवृत्त झालेले. रोज दहाच्या सुमाराला कुंपणाशी येऊन ते "गवर्नर साब" अशी हाक द्यायचे आणि गुडघ्याचं सांगायला लागायचे. कधी दुखायला लागलं, कुठल्या डॉक्टरने काय म्हटलं, भावजयीने कुठलं तेल पाठवलं. एकदा साहेबांनी मध्येच विचारलं, "सरदारजी, हेडलाइन क्या है?"

सरदारजींनी दाढीवरून हात फिरवला. "हेडलाइन ये है जी, कि दर्द है."

"तो पहले वही बताना था."

दुसऱ्या दिवसापासून सरदारजी कुंपणाशी येऊन आधी हेडलाइन द्यायचे. "आज थोड़ा कम है जी." मग साहेब मान हलवायचे, मग बाकीचं.

अकराला ऊन यायचं. पांढरं, पातळ, दूध पाणी घालून वाढवावं तसं. त्या उन्हात साहेबांचा डोळा लागायचा. मी वाचत राहायचो, सून टाइप करत राहायची. मध्येच ते डोळे न उघडता विचारायचे, "पान लागलं का?" आणि मी म्हणायचो, "लागतंय." कधी म्हणायचे, "गाडीचं दार मी उघडीन, त्याला सांग उतरू नकोस." मी म्हणायचो, "सांगतो." त्यांना कुठे असल्यासारखं वाटतंय हे विचारायची माझी छाती व्हायची नाही, कारण धुक्यात त्या जांभळांकडे बघत बसलं की मलाही कधी कधी छापखान्याचं मशीन ऐकू यायचं. एका बाजूने दाबायचं, दुसऱ्या बाजूने सुटायचं. ते यंत्र भंगारात जाऊन तीस वर्षं झाली असतील. पण ऐकू यायचं. इतकं की एकदा मी सुनेला विचारलंही, आणि ती म्हणाली, "बाबा, ती शेजारची पाण्याची मोटर आहे."

आता तो दिवस सांगतो. म्हणजे मला आठवतो तसा सांगतो.

आमच्याकडे मोठ्या माणसांचे फोटो जस्ताच्या ब्लॉकवर असत. लाकडाच्या ठोकळ्यावर जस्ताचा पत्रा, त्यावर उलटा चेहरा. ते ब्लॉक महाग, म्हणून साहेबांच्या कपाटात कुलुपात. प्रत्येक ब्लॉक कागदात गुंडाळलेला, कागदावर साहेबांच्या हातचं नाव. त्या दिवशी गावातले एक निवृत्त हेडमास्तर वारले होते, आणि केळी सोसायटीचे चेअरमन पुन्हा निवडून आले होते. दोघांच्याही डोक्यावर काळी टोपी, दोघांनाही चष्मा, दोघांनाही मिशी. पान बांधून तयार, दोन चौकोन रिकामे, आणि तालुक्याला अंक नेणारी साडेपाचची एसटी स्टँडावर लागलेली. साहेबांनी कपाट उघडलं, कागद सोडले, रॉकेलच्या फडक्याने ब्लॉक पुसले आणि माझ्या हातात दिले. "हा गेलेला, हा आलेला," म्हणाले. मी बसवले. प्रूफ काढायला वेळ नव्हता. अंक गेला.

सहा वाजेपर्यंत चेअरमनच्या दारात तीस माणसं जमली. एक जण बांबू घेऊन आला होता. चेअरमन झोपाळ्यावर बसून शेंगा खात होते. लांबच्या खेड्यातून एक म्हातारी रडत आली. तिला जिवंत चेअरमन दाखवले, तरी ती रडायची थांबेना. म्हणाली, "एवढी चालत आले, आता रडून घेते." हा भाग गावाने पुढे वीस वर्षं हसत सांगितला.

दुसरा भाग कुणी सांगत नाही. हेडमास्तरांचा मुलगा छापखान्यात आला. पायात चप्पल नव्हती, डोकं नुकतंच भादरलेलं. हातात अंक, त्यात त्याच्या बापाच्या फोटोखाली हार्दिक अभिनंदन. त्याने अंक टेबलावर ठेवला, सगळ्यांकडे एकदा बघितलं आणि गेला. मी त्याच हेडमास्तरांच्या शाळेत चौथीपर्यंत शिकलो होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी साहेबांच्या हातची दुरुस्ती माझ्यासमोर आली. कंपोझिटरच्या हलगर्जीपणामुळे असं झालं, क्षमस्व. दुसऱ्या कुणाला ते अक्षर लागत नव्हतं, म्हणून ती मीच जुळवली. कंपोझिटर हा शब्द मी माझ्या हाताने, एकेक खिळा उचलून बसवला. कॉपीत, म्हणजे लिहून आलेल्या कागदात, जे आहे ते जुळवायचं, हा आमचा धर्म. कान्याचाही फरक केला नाही. मग हात धुतले, ॲप्रन खुंटीला लावला आणि घरी गेलो. साहेब आपल्या खोलीत लिहीत होते, त्यांनी वर बघितलं नाही. पुढे मी लग्नपत्रिकांच्या छापखान्यात काम केलं. बायकोला, मुलाला, मुलाच्या मुलीला सगळ्यांना सांगितलं की ती चूक माझी नव्हती. नात ते ऐकून हिंदीत म्हणते, "पता है दादू, आपने बताया था."

ते पान मार्च महिन्यात निघालं. शनिवार होता. धुकं संपून सिंबळाला, म्हणजे आपल्या काटेसावरीला, लाल फुलं आली होती. चारशेतली पंधरा-वीस पानं उरली होती आणि मला वाटायला लागलं होतं, साहेबांनी तो दिवस लिहिलाच नाही. मग एक कागद उचलला आणि पहिल्याच ओळीत केळी सोसायटी दिसली.

मी वाचायला लागलो. बांबू आला, म्हातारी आली. सून हसली. पुढे आलं, "दोन्ही ब्लॉक मी कागदासकट त्याच्या हाती दिले. कागद त्याने सोडले आणि माणसांची अदलाबदल झाली. मी त्याला छापून दोष दिला. तो न बोलता गेला. त्याच्यासारखा पुन्हा मिळाला नाही." आणि वरच्या ओळीत, कंपोझिटर या शब्दापुढे, माझं आडनाव.

सुनेची बोटं थांबली. "बाबा, हे तुम्ही?"

"टाइप कर," मी म्हटलं. मग साहेबांकडे वळलो. "हे चूक आहे."

"काय चूक आहे?"

"कागद तुम्ही सोडलेत. पुसलेत तुम्ही. हा गेलेला, हा आलेला, असं तुम्ही म्हणालात."

साहेबांनी जांभळाकडे मान वळवली. "मला तसं आठवत नाही रे."

"मला आठवतं."

"असेल. पण पाच वर्षं मी दुसऱ्याने लिहिलेलं उभं राहून वाचलं. या पुस्तकात मला आठवतं तेवढंच घालणार आहे. तुझी आठवण माझ्या नावावर कशी लिहू?"

"मग माझं आडनाव कशाला लिहिलंत?"

"बरं," साहेब म्हणाले. त्यांनी हात पुढे केला, मी कागद दिला. त्यांनी तो चार घड्या करून स्वेटरच्या खिशात घातला. "हे पान काढून टाकतो. चारशेत एक गेल्याने पुस्तकाला काही होत नाही."

"काढा," मी म्हटलं आणि उठलो. सुनेने लॅपटॉप मिटला. लेक आतून चहा घेऊन येत होती, ती "काका, काका" म्हणत राहिली. मी थांबलो नाही.

घरी येऊन मी गच्चीवर जाऊन बसलो. मनात म्हटलं, झालं, सुटलो. आता त्या पुस्तकात माझ्यावर डाग नाही. दुपारी सून वाळवण काढायला वर आली. कपडे घड्या करता करता म्हणाली, "बाबा, बाकीच्या पानांत तुमचं नाव कुठे आलंय?"

मी आठवून बघितलं. वीस पानं सोडली तर सगळं मीच वाचलेलं. मुख्यमंत्री होते, आचारी होता, सचिव होते, राजभवनातल्या कुत्र्याचंही नाव होतं. छापखान्याची तीस पानं होती, त्यात मशीन होतं, पूर होता, संप होता.

"कुठेच नाही," मी म्हटलं.

"मग ते पान गेलं की तुम्ही पण गेलात," ती म्हणाली आणि कपडे घेऊन खाली गेली.

मी नऊ वर्षं त्या छापखान्यात आणि पुढे पंचवीस वर्षं लग्नपत्रिकांत लोकांची नावं जुळवली. किती हजार नावं असतील, मोजली नाहीत. माझं नाव कधी कुणी जुळवलं नाही. मुलाच्या लग्नाच्या वेळी पत्रिका काँप्युटरवर झाल्या होत्या आणि व्याह्यांनी छापून आणल्या, त्यात माझ्या नावाऐवजी घराण्याचं आडनाव आणि परिवार एवढंच होतं. ती सही म्हणा, खूण म्हणा, मी या जगात काहीतरी केलं त्याची, ती साहेबांच्या खिशातल्या त्या एका कागदावर होती. आणि ती चुकीखाली होती.

शिवालिकचे डोंगर दिवसभर दिसत होते ते पुसट व्हायला लागले. मी तो दिवस पुन्हा पहिल्यापासून लावायला बसलो. कपाट उघडल्याचा आवाज आठवला. एसटीचा हॉर्न आठवला. हा गेलेला, हा आलेला, हे साहेबांच्याच आवाजात आठवलं. फडकं कुणाच्या हातात होतं? माझ्या बोटांना रॉकेलचा वास येत होता, हे मला पक्कं आठवतं. पण माझ्या बोटांना रोजच रॉकेलचा वास येत असे.

पंचेचाळीस वर्षांत ही गोष्ट मी किती वेळा सांगितली, पण बोटांकडे कधी बघितलं नव्हतं. मी तिथे बसून हात नाकाशी नेला. मटाराचा वास होता.

संध्याकाळी दिवेलागणीला साहेबांचा फोन आला. सुनेच्या फोनवर.

"जुळारी," ते म्हणाले. "जेवण गेलं नाही. ते पान काढवत नाही आणि तू म्हणतोस तसं लिहवतही नाही. काय करू?"

नऊ वर्षांत त्यांनी मला कधी विचारलं नव्हतं, काय करू. संपादक कंपोझिटरला विचारत नसतो. माझ्या ओठांवर आलं होतं की लिहा मी म्हणतो तसं, नाहीतर राहू द्या तुमचं पुस्तक, वाचून घ्या त्या बिनचष्म्याच्या कारकुनाकडून.

"विचार करून सांगतो," मी म्हटलं.

"कधी?"

"पंचेचाळीस वर्षं मी थांबलो. तुम्ही एक रात्र थांबा. आणि जेवून घ्या."

मग म्हणाले, "बरं," आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सुनेच्या आधी उठलो, दाढी केली, धुतलेला सदरा घातला. आठला आम्ही व्हरांड्यात होतो. साहेब खुर्चीत बसलेलेच होते, टोपीशिवाय. मी हात पुढे केला, त्यांनी खिशातून कागद काढून दिला. मी घड्या मांडीवर सरळ केल्या आणि वरपासून वाचायला लागलो. कंपोझिटर या शब्दाशी आलो. कॉपीत पुढे नुसतं आडनाव होतं. मी आधी माझं नाव वाचलं, मग माझ्या वडिलांचं, मग आडनाव, सावकाश, सुनेला प्रत्येक अक्षर नीट घेता यावं म्हणून. साहेबांनी माझ्याकडे बघितलं. त्या पानात काय आहे हे त्यांना माझ्याइतकंच ठाऊक होतं. त्यांनी मला अडवलं नाही. मग पुढच्या ओळी, कागद त्याने सोडले, त्या होत्या तशा वाचल्या.

सून म्हणाली, "झालं बाबा."

"वाचून दाखव," मी म्हटलं, "नावापासून."